मशीद बंदर ते माझगाव: जुनी प्रार्थनास्थळं एका दिवसात कशी पाहावीत

दक्षिण मुंबईत महापालिकेचे बी आणि ई असे दोन विभाग एकमेकांना लागून आहेत. मशीद बंदर, डोंगरी, भेंडीबाजार, नागपाडा, भायखळा, माझगाव हे भाग त्यांत येतात. इथे ज्यूंची दोन प्रार्थनास्थळं म्हणजे सिनगॉग, इराणी शियांची मशीद, बोहऱ्यांचा रौझा म्हणजे कबरीवरची वास्तू, दोन पंथांची दोन चर्चेस, एक मोठं जैन देरासर आणि चिनी लोकांचं एक छोटंसं देऊळ अशी सगळी ठिकाणं एका दिवसाच्या पायपिटीत बसतात. तिकीट कुठेही नाही. तरीही पहिल्यांदा जाणाऱ्यांपैकी बरेच जण निम्म्या दारांवरून परत येतात. त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. ते आपल्या सुट्टीचा दिवस निवडतात आणि तोच दिवस त्या जागेच्या प्रार्थनेचा असतो.

ही सगळी वापरातली ठिकाणं आहेत, संग्रहालयं नव्हेत. म्हणून आधी वार ठरवा, मग रस्ता.

वार आणि वेळ

शनिवार वर्ज्य. ज्यूंचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री संपतो. त्या काळात सिनगॉग पाहुण्यांसाठी बंद असतं, आत फोन किंवा कॅमेरा काढणंही चालत नाही. शुक्रवारी दुपारी साडेबारा ते अडीच जुम्म्याची नमाज असते. मशिदी भरलेल्या असतात आणि कित्येकदा रांगा रस्त्यापर्यंत येतात. रविवारी सकाळी चर्चमध्ये एकामागून एक मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, असतात. उरले सोमवार ते गुरुवार. कामाचा दिवस असल्यामुळे रस्त्यावर हातगाड्यांची गर्दी असेल, पण दारं उघडी मिळतील.

मोबाइलवरच्या नकाशात दिसणाऱ्या वेळांवर विसंबू नका. तिथे ‘उघडे’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ प्रार्थनेसाठी उघडे असा असतो. पाहुण्यांची वेळ वेगळी असते आणि ती फाटकावरच्या माणसाकडूनच कळते. दोन्ही सिनगॉगना आदल्या दिवशी फोन करावा. पाचपेक्षा जास्त माणसं असतील तर सगळ्याच ठिकाणी आधी कळवावं.

सणांचाही हिशोब ठेवा. ज्यूंचं नवं वर्ष आणि योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात. पर्युषणात, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, देरासरात पाय ठेवायला जागा नसते. मोहरमच्या पहिल्या दहा दिवसांत डोंगरी आणि इमामवाड्याचे रस्ते जुलूस आणि मजलिसींनी भरलेले असतात. त्या दिवसांत वास्तू बघायला जाऊ नये. रमझानमध्ये जायला हरकत नाही, फक्त दिवसा मशिदीच्या आवारात पाण्याची बाटली तोंडाला लावू नका. ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात मशीद बंदरच्या गल्ल्यांतून चालणं फार त्रासाचं होतं.

पिशवीत काय असावं

मूळ ओळखपत्र सगळ्यांत आधी. आधार, पासपोर्ट किंवा वाहन परवाना, आणि फोनमधला फोटो नव्हे. 2008 च्या नोव्हेंबरमधल्या हल्ल्यात नरिमन हाउस हे ज्यूंचं केंद्रही लक्ष्य झालं होतं. तेव्हापासून मुंबईतल्या सिनगॉगवर पोलिसांचा पहारा असतो. वहीत नाव लिहावं लागतं, पिशवी तपासली जाते. तिथल्या शिपायाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मोठा सुती रुमाल, साधारण 60 सेंटिमीटरचा चौकोनी. बायकांसाठी दोन मीटरची ओढणी. डोक्याबाबतचा नियम प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे आणि नवखा माणूस इथेच गोंधळतो. सिनगॉगमध्ये पुरुषांनी डोकं झाकायचं. चर्चमध्ये पुरुषांनी टोपी काढायची. मशिदीत आणि रौझात स्त्री-पुरुष दोघांनीही झाकलेलं बरं. रुमाल खिशात असला की प्रश्न सुटतो.

कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे हवेत. हाफ पँट घातली असेल तर बहुतेक ठिकाणी दारातच अडवतील. कमरेचा पट्टा कापडी असू दे. चामड्याचा पट्टा, पाकीट, घड्याळाचा पट्टा यांपैकी काहीही देरासरात चालत नाही, आणि बाहेर ठेवायला सुरक्षित जागा मिळेलच असं नाही. चपलांसाठी एक कापडी पिशवी घ्या. पायमोजे घ्या, कारण भर दुपारी उघड्या अंगणातली फरशी पाय भाजते. सुटे पैसे दोन-तीनशे रुपयांचे, दहा-वीस-पन्नासच्या नोटांत. दानपेटी सगळीकडे असते, आणि कॅमेऱ्यासाठी काही ठिकाणी वेगळं शुल्क घेतात. तिपाई घरीच ठेवा. तिपाई दिसली की तुम्ही शूटिंगवाले ठरता आणि लेखी परवानगी मागितली जाते.

पहिला टप्पा: मशीद बंदर, सकाळी साडेआठ

मध्य किंवा हार्बर, कोणत्याही मार्गाने मशीद स्थानकावर उतरा. मध्य मार्गाची जलद लोकल इथे थांबत नाही, धीमी धरा. साडेआठची वेळ मुद्दाम सांगतो आहोत. अकरानंतर घाऊक बाजार सुरू होतो, हातगाड्या आणि टेम्पो गल्ली अडवतात, आणि सात मिनिटांच्या रस्त्याला वीस मिनिटं लागतात.

पश्चिमेला बाहेर पडून सॅम्युएल स्ट्रीट विचारा. तिथे शआर हारहमीम, म्हणजे ‘दयेचं द्वार’, हे सिनगॉग आहे. 1796 मध्ये सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी ते स्थापलं. दिवेकर बेने इस्राएल या ज्यू समाजाचे होते, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत देशी अधिकारी होते आणि टिपूच्या कैदेतून सुटून आले होते. मुंबईतलं हे पहिलं सिनगॉग. आजची इमारत 1860 मधली, मूळ जागेपासून जवळच बांधलेली.

मराठी माणसाने आजचा दिवस इथूनच सुरू करावा असं आम्हांला मनापासून वाटतं. बेने इस्राएल कोकणातून आले. दिवेकर, किहीमकर, पेणकर, राजपूरकर ही आडनावं गावांवरून पडलेली, घरातली भाषा मराठी. कोकणात तेल गाळण्याचा धंदा होता आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ते आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत आले, आणि हे सिनगॉग ‘जुनी मशीद’. स्थानकाचं नाव याच मशिदीवरून पडलं असं सांगितलं जातं. आजही नुसतं ‘जुनी मशीद कुठे’ असं विचारलंत तर लोक तुम्हांला भलत्याच मशिदीकडे पाठवतील. ‘सॅम्युएल स्ट्रीटवरची ज्यूंची मशीद’ असं पूर्ण विचारा.

दारातून आत शिरण्याआधी उजव्या चौकटीवर बसवलेली छोटी डबी दिसेल. ती मेझुझा. तिच्यात चर्मपत्रावर लिहिलेलं धर्मवचन असतं. आत गेल्यावर मधोमध कठडा घातलेला चौथरा आहे, त्यावरून तोराचं, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाचं, वाचन होतं. त्यावर चढायचं नाही. समोरच्या भिंतीत पडद्याआड हेखाल, म्हणजे तोराच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट. पडदा सरकवून बघण्याचा मोह आवरा. राखणदाराने आपणहून उघडून दाखवलं तर पाहा, हात लावू नका. समाजातली बरीच कुटुंबं इस्रायलला गेली, बरीच ठाण्याला राहायला गेली. त्यामुळे इथे दिवसभर माणसांचा राबता नसतो. दार बंद दिसलं तर दोन-तीन वेळा हाक मारून थोडं थांबा, लगेच पाठ फिरवू नका.

दिशेची एक गंमत इथेच ध्यानात ठेवा. मुंबईहून जेरुसलेम पश्चिमेला आणि मक्काही पश्चिमेलाच. म्हणून इथल्या सिनगॉगमधलं हेखाल आणि मशिदीतला मिहराब, म्हणजे नमाजेची दिशा दाखवणारा कोनाडा, दोन्ही पश्चिमेच्या अंगाला सापडतात. दिवसभरात प्रत्येक दारात उभं राहून हे पडताळून पाहा.

दुसरा टप्पा: इमामवाडा आणि भेंडीबाजार, दहा ते बारा

सॅम्युएल स्ट्रीटवरून उत्तरेला डोंगरीकडे चालत निघालात की पंधरा मिनिटांत इमामवाडा रोडवरची मुघल मशीद येते. तिला इराणी मशीदही म्हणतात. 1860 मध्ये हाजी मुहम्मद हुसेन शिराझी या इराणी व्यापाऱ्याने ती बांधवली. नाव मुघल असलं तरी मुघल बांधणी शोधू नका. घुमट नाही, दोन सडपातळ मिनार आहेत आणि दर्शनी भिंतीवर निळ्या चकचकीत इराणी फरश्या. अंगणात पाण्याचा हौद. फरश्यांचा रंग पाहायचा असेल तर सकाळच्या उन्हातच पाहावा.

चपला दारात काढा, रुमाल डोक्याला बांधा आणि आत पाऊल टाकण्याआधी जो कोणी बसलेला असेल त्याला ‘आत बघायला येऊ का?’ असं विचारा. विचारणाऱ्याला बहुधा नकार मिळत नाही. न विचारता कॅमेरा काढणाऱ्याला मिळतो. आत दाराजवळ मातीच्या छोट्या गोल किंवा चौकोनी वड्या ठेवलेल्या दिसतील. ती सजदागाह. शिया नमाजी सजद्यात कपाळ त्या वडीवर टेकवतात, करबलाच्या मातीची असली तर विशेष मानतात. त्यांना पाय लागू देऊ नका, आठवण म्हणून उचलू नका. कोणी नमाज पढत असेल तर त्याच्या समोरून जाऊ नका, मागून वळसा घाला.

तिथून दहा-बारा मिनिटांवर भेंडीबाजारात रौदत ताहेरा आहे. हा दाऊदी बोहरा समाजाचे 51 वे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांचा रौझा. 1975 मध्ये पूर्ण झाला. या यादीत सगळ्यांत नवा, पण वगळू नये. आतल्या संगमरवरी भिंतींवर अख्खं कुराण सोन्याच्या अक्षरांत कोरलेलं आहे. एक भिंत निवडा आणि पाच मिनिटं तिथेच उभं राहा. घाईघाईने फेरी मारली तर फक्त पांढरा चकचकाट लक्षात राहतो. आत फोटो काढू नका. बायकांनी डोकं आणि हात झाकलेले असावेत, पुरुषांनी डोकं. बोहरी पुरुषांची सोनेरी काठाची पांढरी टोपी आणि बायकांचा रंगीत रिदा दिसेल. तुम्हांला तसा वेश करायची गरज नाही. भेंडीबाजाराचा पुनर्विकास सुरू असल्याने गल्ल्यांचे रस्ते बदललेले असतात. नकाशाने बंद रस्ता दाखवला तर पानवाल्याला विचारणं जास्त भरवशाचं.

क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद या दिवशी घेऊ नका. 1802 मध्ये पूर्ण झालेली ही मशीद एका जुन्या तलावावर उभी आहे, खाली उतरलं की कमानींमध्ये पाणी आणि मासे दिसतात. पाहण्यासारखीच आहे, पण ती उलट दिशेला आहे आणि तिथे जाऊन परत आलात तर पुढचा सगळा दिवस दुपारच्या नमाजेत अडकतो. दुसऱ्या दिवशी मुंबादेवीबरोबर करा.

तिसरा टप्पा: भायखळा, साडेबारा ते साडेचार

भेंडीबाजारातून जे. जे. रुग्णालयाच्या बाजूने भायखळ्याकडे चालत वीस-पंचवीस मिनिटं, टॅक्सीने दहा. जे. जे. मार्गावर मागेन डेव्हिड सिनगॉग. निळा रंग, उंच खांब आणि घड्याळाचा मनोरा, त्यामुळे लांबून ओळखू येतं. बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी ते बांधवलं, पूर्ण झालं 1864 मध्ये. त्याच वर्षी ससून पुण्यात वारले. त्यांची कबर पुण्याच्या कॅम्पातल्या लाल देवळात आहे, म्हणजे पुणेकरांना हे नाव घरचंच.

सकाळचं सिनगॉग बेने इस्राएलांचं, हे बगदादी ज्यूंचं. दोन्ही एकाच दिवशी पाहण्यात खरा फायदा आहे. तिथे गल्लीतली, शेजाऱ्यांत मिसळलेली वास्तू. इथे रस्त्यावरून दिमाखात दिसणारी, व्हिक्टोरियन घाटाची. आतली मांडणी मात्र तीच. मधला चौथरा, पश्चिमेचं हेखाल, वर बायकांचा सज्जा. आवारात ससून कुटुंबाने काढलेल्या शाळा आहेत आणि त्यांत आज बहुतेक मुलं मुस्लिम वस्त्यांतली. शाळा भरताना आणि सुटताना फाटकात गर्दी होते, तेव्हा पहारेकरी पाहुण्यांना सोडत नाहीत. मुलांचे फोटो काढू नका, हे इथे स्पष्टपणे सांगितलं जातं आणि बरोबरच आहे.

इथून क्लेअर रोडवरचं क्राइस्ट चर्च दहा मिनिटांवर. 1830 च्या दशकातलं, अँग्लिकन परंपरेचं. शाळेला लागून असल्यामुळे कामाच्या दिवशी फाटकावर विचारूनच आत जावं लागतं. आत भिंतींवर संगमरवरी स्मृतिफलक आहेत. कोण किती वयाचा होऊन गेला ते वाचलं की त्या काळातल्या मुंबईच्या हवापाण्याची कल्पना येते. दार बंद असेल तर बाहेरून पाहून पुढे चला, वेळ घालवू नका.

आता जेवा. भायखळा स्थानकाच्या आसपास इराणी हॉटेलं आणि साध्या खानावळी आहेत. देरासर दुपारी बहुधा बंद असतं, त्यामुळे पोटभर जेवून तासभर बसायला हरकत नाही.

जेवणानंतर पूर्वेला ग्लोरिया चर्च. मूळ चर्च 1632 चं, माझगावात होतं. ते पाडल्यावर आजचं गॉथिक चर्च 1911 ते 1913 च्या दरम्यान भायखळ्यात बांधलं गेलं. कॅथलिक चर्चमध्ये दुपारी शांतता असते. मागच्या बाकावर बसा. मिस्सा चालू असेल तर लोक उभे राहतील तेव्हा उभे राहा, गुडघे टेकायची सक्ती नाही. शेवटी लोक रांगेने वेदीपुढे जातात, त्या रांगेत जायचं नाही. ते कम्युनियन असतं, कॅथलिकांचा संस्कार, प्रसाद नव्हे. आपल्याकडे देवळात प्रसाद नाकारणं वाईट दिसतं, म्हणून कित्येक जण चांगल्या भावनेने रांगेत उभे राहतात आणि मग पाद्रीबाबांची पंचाईत होते. जागेवर बसून राहणं हाच इथला शिष्टाचार.

चारच्या पुढे मोतीशा लेनमधलं आदीश्वर देरासर. शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा, यांनी ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधवलं. गुजरातेतल्या शत्रुंजय डोंगरावरची मोतीशा टूक, म्हणजे देरासरांचा समूह, त्यांचीच. चामड्याची प्रत्येक वस्तू बाहेर, खाण्याची वस्तूही बाहेर. गाभाऱ्यात फक्त अंघोळ करून पूजेची वस्त्रं नेसलेले जातात. आपण रंगमंडपातून दर्शन घ्यायचं. मूर्तीचे फोटो नकोत.

रंगमंडपात खाली बसून पाटावर तांदळाची मांडणी करणारी माणसं दिसतील, ती जवळून पाहा. खाली स्वस्तिक, त्यावर तांदळाच्या तीन छोट्या ढिगल्या, सगळ्यांत वर चंद्रकोर आणि तिच्यात एक ढिगली. स्वस्तिकाचे चार हात म्हणजे जिवाच्या चार गती, तीन ढिगल्या म्हणजे सम्यक दर्शन, ज्ञान आणि चारित्र, आणि कोर म्हणजे मुक्त जिवांचं स्थान. वाट खालून वर वाचायची. मांडणी करणाऱ्याच्या आणि मूर्तीच्या मधून जाऊ नका.

भायखळ्यात पारशी वस्तीही जुनी आहे, रुस्तम बाग आणि जेर बाग ही नावं ऐकली असतील. अग्यारीत मात्र पारशी आणि इराणी झरथुष्ट्री सोडून कोणालाही प्रवेश नाही. विनंती करून, ओळख सांगून उपयोग नाही, आणि करूही नये. फाटकावरचा फलक वाचा आणि पुढे चला.

शेवटचा टप्पा: माझगाव, पाचच्या सुमारास

भायखळ्याहून टॅक्सी सोपी. लोकलनेच जायचं तर भायखळ्याहून सीएसएमटीकडे जाणारी धीमी पकडा, सँडहर्स्ट रोडला उतरा आणि जिना चढून वरच्या हार्बरच्या फलाटावर या. मध्य रेल्वेचा फलाट खाली, हार्बरचा वर. तिथून पुढचं स्थानक डॉकयार्ड रोड. खालच्याच फलाटावर हार्बरची वाट पाहत उभे राहणारे बरेच असतात.

डॉकयार्ड रोडहून नवाब टँक रोड विचारा. सी यप कून हे 1919 मधलं चिनी देऊळ एका साध्या दुमजली घरात आहे. लाल दरवाजा नजरेत आला नाही तर पुढे निघून जाल. ‘सी यप’ म्हणजे दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतातले चार परगणे. तिथून आलेल्या खलाशांनी आणि कामगारांनी गोदीजवळ हे उभारलं. देवता क्वान कुंग, न्याय आणि पराक्रमाचा देव, मुळात चीनमधला एक सेनापती. देवळात आत काठ्या भरलेलं नळकांडं असतं. प्रश्न मनात धरून ते तिरकं धरून हलवायचं, एक काठी बाहेर पडेपर्यंत. काठीवरच्या आकड्याची चिठ्ठी म्हणजे उत्तर. आपल्याकडच्या कौल लावण्याशी त्याचं नातं लगेच जाणवतं. राखणदार समोर असेल आणि त्याने सांगितलं तरच हात लावा. काठ्या दोन पडल्या तर पहिल्यापासून.

देऊळ कायम उघडं नसतं, किल्ली राखणाऱ्या कुटुंबाकडे असते. शेजारी विचारा. चिनी नववर्षाला, म्हणजे 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारीच्या दरम्यान कधीतरी, दिवसभर उघडं असतं आणि उदबत्त्यांच्या धुराने डोळे चुरचुरतात.

उजेड उरला असेल तर माथारपाखाडीत एक फेरी मारा. ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या इथल्या मूळच्या ख्रिश्चनांचं जुनं गावठाण, लाकडी घरं, गल्लीतला क्रूस. क्रूसाचा फोटो काढा, ओट्यांचे आणि खिडक्यांचे नको. तिथे माणसं राहतात. इस्माइली शियांचे इमाम, पहिले आगाखान हसन अली शाह यांचा 1881 नंतर बांधलेला रौझा हसनाबादही माझगावातच आहे. फाटकावर विचारून सोडलं तर आत जा. परतीसाठी डॉकयार्ड रोडहून सीएसएमटीची गाडी संध्याकाळी रिकामीच असते. गर्दी उलट दिशेला, पनवेलकडे असते. तिकडे राहणाऱ्यांनी सीएसएमटीपर्यंत मागे जाऊन तीच गाडी धरावी, बसायला जागा मिळते.